जर्मन पद्धतीची क्राफ्ट पिल्सनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा सगळीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, नंतर अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मजकूर 21 वर्षांवरील वाचकांसाठी आहे.

1. जर्मन पिल्सनर म्हणजे नेमकं काय?

फिकट सोनेरी, पारदर्शक, कोरडी आणि स्पष्ट कडू लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर. तिचं मूळ जर्मनीत नाही, बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन गावात आहे. 1842 मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने तिथे फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मऊ पाणी, झाटेक भागातले हॉप्स आणि लागर यीस्ट यांची सांगड घातली. जर्मनांनी ती पद्धत नंतर उचलली. ड्रेस्डेनजवळच्या राडेबर्गमधला कारखाना 1872 मध्ये सुरू झाला आणि पिल्सनर पद्धतीची बिअर बनवणाऱ्या पहिल्या जर्मन कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जातं.

आकड्यांत सांगायचं तर अल्कोहोल साधारण 4.4 ते 5.2 टक्के आणि कडूपणा 22 ते 40 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक). घटक चारच: पाणी, बार्लीचं माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. कडूपणा त्यांचाच, आणि गवत, फुलं, मिरी असा जो हलका वास येतो तोही त्यांचाच. हालरटाउ, टेटनांग, श्पाल्ट ही जर्मन हॉप्सची नावं लेबलवर दिसली तर बनवणाऱ्याला काय करायचंय ते त्याला ठाऊक आहे असं समजायला हरकत नाही.

2. बिअर शॉपीत नेहमीची थंडगार लागर स्वस्तात मिळते. मग हिला जास्त पैसे कशाला?

पैसे दोन गोष्टींचे: माल आणि वेळ. नेहमीच्या लागरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर असते आणि कडूपणा बहुतेकदा 15 आयबीयूच्याही खाली असतो. क्राफ्ट पिल्सनरमध्ये बहुधा निव्वळ माल्ट असतं, आणि चांगलं पिल्सनर माल्ट व हॉप्स बरेचदा जर्मनीहून येतात.

वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. एल जातीची, म्हणजे लागरपेक्षा गरम तापमानात आंबणारी, बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. पिल्सनर आधी 8 ते 12 अंशांवर सावकाश आंबते, मग 0 ते 2 अंशांवर कित्येक आठवडे मुरते. पाच ते आठ आठवडे टाकी अडकून पडते आणि तेवढे दिवस कूलिंगचं बिल चालू राहतं. शिवाय या बिअरमध्ये लपायला जागा नसते. गडद किंवा फळं घातलेल्या बिअरमध्ये छोटी चूक खपून जाते, इथे ती पहिल्याच घोटात उघडी पडते.

तरीही महाग म्हणजे चांगली असं गणित मांडू नका. चार महिने उन्हातल्या गोदामात पडलेल्या महागड्या पिल्सनरपेक्षा परवाच आलेली साधी लागर केव्हाही बरी.

3. चेक पिल्सनर आणि जर्मन पिल्सनर वेगळी कशी ओळखायची?

शेवट बघा. चेक पिल्सनर गिळल्यावर माल्टचा गोडसर, पावासारखा भाग मागे राहतो आणि अंगही जरा भरीव असतं. जर्मन पिल्सनर तोंड कोरडं करून जाते, मागे फक्त कडूपणा रेंगाळतो. जर्मनीतही उत्तरेकडची जास्त कडू आणि दक्षिणेकडची मवाळ असते. उत्तर समुद्राजवळच्या जेव्हर गावाची पिल्सनर तर कडूपणासाठीच प्रसिद्ध आहे.

4. कॅनवर "स्ट्राँग" छापलंय. ही पिल्सनर नाही का?

असू शकते. भारतातल्या नियमानुसार 5 टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि 5 च्या वर 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. त्यामुळे 5.1 टक्क्यांची अस्सल जर्मन पद्धतीची पिल्सनरही कागदोपत्री स्ट्राँगच ठरते. तो शब्द सोडा, टक्केवारी वाचा. 4.4 ते 5.2 असेल तर ठीक. 7 किंवा 8 टक्के असेल आणि वर पिल्सनर लिहिलं असेल, तर ते नाव फक्त शोभेला आहे.

5. विकत घेताना काय तपासायचं?

सगळ्यात आधी तारीख. कॅनच्या बुडाला, बाटलीच्या मानेवर किंवा लेबलच्या कडेला ती छापलेली असते. "सहा महिन्यांच्या आत वापरा" लिहिलेलं असलं तरी हॉप्सचा ताजा वास तेवढा टिकत नाही. थंड ठेवलेली असेल तर तीन महिन्यांच्या आतली घ्या. बाहेर रॅकवर ठेवलेली असेल तर, उन्हाळ्यात विशेषतः, सहा आठवड्यांपेक्षा जुनी घेऊ नका.

मग कॅन की बाटली. आमचं मत सरळ आहे: आपल्याकडे कॅनच. त्यात उजेड अजिबात शिरत नाही आणि झाकणातून हवा जाण्याची भानगड नाही. बाटलीच घ्यायची तर तपकिरी घ्या. हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीतल्या बिअरचं काय होतं ते प्रश्न 12 मध्ये आहे.

दुकानदाराला एक विचारायचंच: "माल फ्रिजमध्येच असतो की संध्याकाळी लावता?" बरेच दुकानदार दिवसभर खोकी बाहेर ठेवतात आणि गिऱ्हाईक यायच्या वेळेला फ्रिज भरतात. हाताला थंड लागलं म्हणजे थंडीत ठेवलेलं होतं असं नाही.

6. संभाजीनगरहून किंवा पुण्याहून गाडीत आणतो. मे महिन्यात खराब होते का?

एका प्रवासात सहसा फेकून देण्याइतकी खराब होत नाही, पण आयुष्य कमी होतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की बिअर जुनी होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. बाहेर 42 अंश असताना बंद गाडीच्या डिकीत 60 च्या आसपास जातं. तिथे दोन दिवस विसरलेलं खोकं आणि फ्रिजमध्ये दोन महिने ठेवलेलं खोकं यांत आम्ही दुसरं निवडू.

थर्माकोलचा डबा घ्या. कॅन आधीच थंड करून भरा आणि गोठवलेल्या पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या मध्ये ठेवा. डबा डिकीत नको, एसी लागतो तिथे मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये. थंड झालेली बिअर एकदा गरम होऊन पुन्हा थंड केली की बिघडते असा समज आहे. बिघडवतात ते गरम गेलेले तास, पुन्हा थंड करणं नव्हे.

7. किती थंड प्यायची? "चिल्ड" म्हणजे बर्फासारखीच ना?

नाही. ग्लासात ओतल्यावर 5 ते 7 अंश. 1-2 अंशांवर जीभ बधिर होते, हॉप्सचा वास दबतो आणि महागाची बिअर नुसतं थंड कडू पाणी वाटते. पण आपल्या हवेचा एक हिशेब लक्षात घ्या. 38-40 अंशांच्या अंगणात अर्ध्या लिटरचा ग्लास दहा-बारा मिनिटांत 10 अंशांच्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात फ्रिजमधून 3-4 अंशांवर काढा, ग्लास 300 मिलीचा घ्या आणि उरलेली बिअर कॅनमध्येच, थंड जागी ठेवा.

फ्रिजमध्ये कॅन आदल्या रात्रीच ठेवणं उत्तम. फ्रीजरमध्ये ठेवायचा तर पाऊण तास, आणि मोबाइलवर गजर लावूनच. 5 टक्क्यांची बिअर उणे 2-3 अंशांना गोठायला लागते. पाणी गोठताना फुगतं, कॅनचा तळ बाहेर येतो किंवा तो फुटतो. न फुटलेला गोठलेला कॅन वितळवून प्यायला तर गॅस कमी आणि तळाला गढूळ कण असा अनुभव येतो.

8. लाइट नाही, शेतावर आहोत. ओलं फडकं गुंडाळून चालेल का?

थोडंफार. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने ओल्या फडक्याने कॅन 40 वरून 25 अंशांच्या आसपास येतो, त्याखाली नाही. माठातल्या पाण्यात बुडवला तरी तेच.

खात्रीचा उपाय बर्फ, पाणी आणि मीठ. बादलीत 2 किलो बर्फ, 2 लिटर पाणी आणि 200 ग्रॅम जाडं मीठ घाला, चार कॅन पूर्ण बुडवा आणि मधूनमधून फिरवत राहा. पंधरा मिनिटांत पिण्याजोगे होतात. नुसत्या बर्फावर ठेवले तर दुप्पटीहून जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचा खडा कॅनला चार ठिकाणीच टेकतो आणि पाणी सगळीकडून लागतं. उघडण्याआधी कॅनचं तोंड गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पहिला घोट खारट.

9. ग्लास कोणता लागतो? स्टीलचा पेला चालेल?

चव बदलत नाही, पण रंग आणि फेस दिसत नाही, आणि पिल्सनरची निम्मी गंमत तिथेच आहे. उंच, निमुळता काचेचा ग्लास पुरतो. सरबताचा उंच ग्लासही चालेल.

ग्लासाच्या आकारापेक्षा त्याची स्वच्छता मोठी. फेस मरतो तो तेलकटपणामुळे. ज्या घासणीने कढई घासली तिनेच ग्लास घासला की काम बिघडलं. वेगळी घासणी ठेवा, कमी साबण वापरा, भरपूर पाण्याने विसळा आणि उपडा ठेवून वाळू द्या. फडक्याने पुसू नका. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग चढतात आणि त्यांना बुडबुडे चिकटतात. अर्धं लिंबू किंवा चमचाभर व्हिनेगर फिरवून दहा मिनिटांनी धुतलं की डाग जातात. परीक्षा सोपी आहे: बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुड्यांची रांग चिकटून राहिली तर ग्लास स्वच्छ नाही.

ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून बर्फाळ करू नका. ओतताना फेस उसळतो आणि काचेवरचं बर्फाचं पाणी बिअरमध्ये उतरतं.

10. ओतल्यावर एकतर फेसच फेस होतो, नाहीतर अजिबात येत नाही. पद्धत काय?

ग्लास गार पाण्याने विसळून ओलाच घ्या. तो 45 अंशांत तिरपा धरा आणि बिअर काचेच्या मध्यावर सोडा. दोनतृतीयांश भरला की सरळ करा आणि उरलेली मध्यभागी थोड्या उंचीवरून ओता. फेस वर आला की एक मिनिट थांबा, तो दाट होतो, मग शेवटचा भाग ओता. वर तीन सेंटिमीटर पांढरा फेस हवा. या फेसाला "फुकट गेलेली बिअर" समजून पिटाळू नका. तो वास धरून ठेवतो, आणि जादा गॅस ग्लासातच निघून गेल्याने पोट कमी फुगतं.

फेसच फेस होण्याचं कारण बहुधा गरम किंवा हिंदकळलेली बिअर. गाडीतून उतरवल्यावर फ्रिजमध्ये दोन-तीन तास उभी राहू द्या. फेस येतच नसेल तर प्रश्न 9 पाहा.

जर्मनीत "सात मिनिटांचं पिल्स" असा जुना समज आहे, म्हणजे एक ग्लास भरायला सात मिनिटं. तिथेही ते गरजेचं नाही. आपल्याकडे तेवढ्या वेळात बिअर कोमट होईल. दोन मिनिटं पुष्कळ झाली.

11. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून ग्लिसरीन काढायचं का?

नाही. खाली उतरताना दिसणारी धार ग्लिसरीनची नसून बिअरचीच असते. बिअरमध्ये न आंबलेले घटक विरघळलेले असल्याने ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून खाली जाते आणि तिच्या जागी पाणी बाटलीत चढतं. म्हणजे तुम्ही बिअर ओतून देता आणि बदल्यात नळाचं पाणी घेता. यीस्ट आंबवताना थोडं ग्लिसरॉल आपोआप तयार होतं, लिटरला एक ते तीन ग्रॅम. ते सगळ्या बिअरमध्ये विरघळलेलं असतं, असं वेगळं काढता येत नाही आणि त्या प्रमाणात काढायची गरजही नाही.

12. कडू लागतेय किंवा विचित्र वास येतोय. खराब आहे हे कसं ओळखायचं?

नुसता कडूपणा हा दोष नाही, त्यासाठीच ही बिअर बनते. पहिले दोन घोट कडक लागतात, तिसऱ्यापासून जीभ सरावते. वास मात्र नीट घ्या.

जळलेल्या रबरासारखा किंवा कुबट लसणासारखा उग्र वास आला तर बिअरला उजेड लागला आहे. उन्हाने हॉप्समधला कडू घटक तुटतो आणि त्यातून एक गंधकयुक्त संयुग बनतं. ते इतकं तीव्र असतं की नगण्य प्रमाणातही नाकाला कळतं. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत उन्हात काही मिनिटं पुरतात. दुकानातल्या दिवा लागलेल्या काचेच्या फ्रिजमध्येही हेच घडतं, फक्त सावकाश. ग्लासात ओतलेली बिअरही उन्हात ठेवू नका.

ओल्या पुठ्ठ्याचा वास किंवा शिळ्या मधासारखी चव आली तर बिअर जुनी झाली आहे किंवा उष्णतेत राहिली आहे. आपल्या भागात सगळ्यात जास्त भेटणारा दोष हाच. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअसिटिल, आंबताना तयार होणारा एक घटक. आंबवण शेवटाला 15 ते 18 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवलं की यीस्ट ते खाऊन टाकतं. घाईत ही पायरी गाळली की वास राहतो. चेक पिल्सनरमध्ये तो किंचित चालतो, जर्मनमध्ये नाही. बारमध्ये नळाच्या बिअरला असा वास आला, आणि जोडीला आंबटपणाही असेल, तर बहुधा पाइप धुतलेले नाहीत.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा हलका वास चालतो. उकडलेल्या कोबीचा नाही. कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर पुरेशी मुरलेली नाही. नुकत्या विझलेल्या काडीसारखा गंधकाचा पुसट वास ताज्या लागरला असतो आणि ग्लासात दोन मिनिटांत उडतो, त्यासाठी परत करू नका.

आंबट लागली किंवा कॅन न गोठताही फुगलेला असेल तर सरळ परत करा.

13. ग्लासात धूसर दिसते. बिघडली का?

"अनफिल्टर्ड" लिहिलं असेल तर धूसर दिसणं ठरलेलंच. जर्मनीत अशा न गाळलेल्या बिअरला केलरबिअर म्हणतात. अगदी थंड असताना आलेली धूसरता ग्लास गरम होताना गेली, तर ती प्रथिनांची, निरुपद्रवी. गाळलेल्या बिअरमध्ये तुकडे तरंगताना दिसले तर ती जुनी आहे किंवा गोठून वितळलेली आहे.

14. चखणा काय घ्यायचा? आपलं जेवण तर झणझणीत.

तिखट आणि ही बिअर यांचं फारसं जमत नाही. मिरचीची आग, गॅस आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात. ठेच्यासोबत घेतली तर ना ठेचा कळतो ना बिअर. येसर आमटी किंवा काळ्या मसाल्याचं मटण असेल तर बिअर आधी संपवा.

जमतं ते तेलातलं, खारं आणि थोडं गोडसर. जायकवाडीची मरळ किंवा कतला हळद-मीठ-लसूण लावून तळलेली, वर लिंबू नको. कांदा भजी. तेल सोडून भाजलेले धपाटे, सोबत दही. तव्यावर भाजलेले खारे शेंगदाणे. तेलकट घासानंतर ही कोरडी, फसफसती बिअर तोंड धुतल्यासारखं साफ करते. नान खलियासोबत चालते, पण तर्री बाजूला ठेवून.

आमची पहिली पसंती मात्र हुरडा. डिसेंबर-जानेवारीत आगटीवर भाजलेल्या ज्वारीचा गोडवा आणि धुराचा वास पिल्सनरच्या माल्टशी फार छान जुळतो. लसणाची चटणी बेतानेच घ्या, शेवेचं प्रमाण वाढवा. त्या दिवसांत परभणीकडे रात्रीचा पारा 10 च्या खाली जातो, त्यामुळे प्रश्न 8 मधली बर्फाची बादलीही लागत नाही.

15. लिंबू, मीठ, बर्फ टाकू का?

लिंबू हॉप्सचा वास झाकतो, बर्फ बिअर पातळ करतो, मीठ गॅस उडवतो. गॅसने त्रास होत असेल तर मिठापेक्षा प्रश्न 10 मधली ओतण्याची रीत वापरा.

16. पुण्याच्या ब्रूपबमधून (स्वतःची बिअर बनवणाऱ्या बारमधून) ग्राउलर, म्हणजे नळावरून भरून दिलेली मोठी बाटली, आणला. किती दिवस टिकेल?

न उघडता, सतत थंड ठेवून दोन-तीन दिवस. नळावरून भरताना हवा आत जातेच. उघडल्यावर त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो. सोबत प्यायला चौघं नसतील तर दोन लिटरच्या ऐवजी एक लिटरचा घ्या.

17. घरी बनवता येईल का?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली परवान्याशिवाय बनवता येत नाही. म्हणून इथे कृतीही दिलेली नाही.

18. मराठवाड्यात प्यायच्या पाण्याची मारामार आणि बिअर कशी परवडते?

प्रश्न रास्त आहे. एक लिटर बिअरमागे साधारण चार ते सहा लिटर पाणी लागतं, त्यातलं बरंचसं धुणं आणि थंड करणं यात जातं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि पाणी जायकवाडीचं आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश दिला होता. दुष्काळात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा, यात आमच्या मते चर्चेला जागा नाही.

चवीपुरतं सांगायचं तर इथलं जड पाणी पिल्सनरला जसंच्या तसं चालत नाही, कडूपणा खरखरीत होतो. ब्रूअर ते आरओमधून काढतात आणि मग कॅल्शियमचे क्षार मोजून घालतात.

19. बिअरने मुतखडा पडतो म्हणतात. खरं आहे?

औषध म्हणून पिऊ नका. बिअरने लघवी जास्त होते एवढंच खरं, पण त्यासोबत शरीरातलं पाणीही जातं, आणि उन्हाळ्यात ते आधीच कमी असतं. खड्यासाठी पाणी प्या आणि डॉक्टरांकडे जा. बिअर पिताना तर दर ग्लासामागे तेवढंच पाणी प्या.

20. एका पाइंटने काही होत नाही, गाडी चालवता येते ना?

नाही. 330 मिली, 4.9 टक्के म्हणजे सुमारे 13 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तेवढं शरीरातून जायला दीड-दोन तास लागतात. अर्धा लिटर म्हणजे 19 ग्रॅम. 650 मिलीच्या 8 टक्के स्ट्राँग बाटलीत तर 41 ग्रॅम, म्हणजे पिल्सनरच्या तीन पाइंटांहून जास्त. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. हलक्या अंगाचा माणूस एका पाइंटमध्येही ती ओलांडू शकतो. पहिल्यांदा सापडलात तरी 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गरोदरपणात किंवा यकृताचा आजार असताना तर एकही नको. रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

21. परवाना खरंच लागतो का? आणि ड्राय डे?

लागतो. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना हवा. एका दिवसाचा दुकानात किंवा परमिट रूममध्ये मिळतो, नेहमी घेत असाल तर वर्षाचा किंवा आजीवन काढून ठेवा. बिअरसाठी वय 21 पूर्ण, कडक दारूसाठी 25. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी या दिवशी दुकानं बंद असतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मोजणीचा दिवसही बंद. नांदेडहून पुढे वर्ध्याकडे जाणार असाल तर डिकीतले कॅन घरीच उतरवून जा, त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.